एक्स्पोजरची वही : काळा दगड, गढूळ पाणी, भगवे फेटे

फोटोत किती उजेड येणार (एक्स्पोजर) ते ठरवणारा अपर्चर (भिंगाचं छिद्र, एफ आकड्यात), शटर (उजेड आत येण्याचा वेळ), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) हा त्रिकोण आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तो पुन्हा उगाळत नाही. उन्हाळ्यापासून मी एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवतोय. समोरची वस्तू मुळात किती काळी, किती उजळ, हे आधी आपण ठरवायचं आणि मग कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरकडे बघायचं. मीटर बिचारं सगळ्या जगाला मधला करडा रंग समजून चालतं. कोळसा दाखवा, करडा. चुना दाखवा, तोही करडा.

याचा सराव करायला बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीसारखी जागा नाही. १२०४ सालची, रट्ट राजघराण्याच्या काळातली जैन बस्ती, म्हणजे मंदिर. मंडपातले कातीव खांब काळ्या दगडाचे, घोटून इतके गुळगुळीत केलेले की बाहेरचा उजेड त्यांच्या कडांवर बारीक रेघेसारखा चकाकतो. एफ २.८, आयएसओ ८०० ठेवलं की मीटर १/३० मागतं. तसा काढला तर खांब राखाडी, सिमेंटचे वाटतात आणि कडेची ती चकाकी पांढरी फटफटीत होऊन जाते. कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण केलेलं कमी-जास्त, उणे एक केलं (उजेड निम्मा) की दगड दगडासारखा काळा येतो, चकाकीत पोत उरतो आणि वर शटर १/६० ला येतं. हा फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिवई लावायला परवानगी लागते, म्हणजे कॅमेरा हातातच. काळ्या वस्तूला काळी राहू दिलं की हात हलण्याची भीतीही निम्म्यावर येते. छतातल्या कमळासाठी मी स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्यावरचा उजेड मोजणं) लावून एका पाकळीवर वाचन घेतो, कारण मॅट्रिक्समध्ये, म्हणजे सगळी फ्रेम मोजली की, कडेचा उघडा भाग सगळा हिशेब खाऊन टाकतो. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवत नाही.

खांबासमोर बराच वेळ उभा राहिलो की सोबतचा मित्र विचारतो, ‘काय बघायलास रे एवढं?’ हिस्टोग्राम, बाबा, फोटोतल्या गडद-उजळाचा आलेख.

पावसाळ्यात गोकाक. धबधबा म्हटला की अधिक कॉम्पेन्सेशन, असं पुस्तकी सूत्र आहे आणि ते पांढऱ्याशुभ्र पाण्याला लागू पडतं. आमची घटप्रभा नदी ऐन पावसात लालसर गढूळ असते, म्हणजे जवळपास मीटरला हवा तोच मधला टोन. तिथे शून्यावर ठेवा. आभाळ मात्र फ्रेममधून जमेल तेवढं कापा, नाहीतर ढगच मीटरला फसवतात. रेशमी पाण्यासाठी सहा स्टॉपचा (सहा वेळा उजेड निम्मा करणारा) एनडी, म्हणजे काळसर फिल्टर, लावून पाहिला: आयएसओ १००, एफ ८ ला १/६० होतं, ते साधारण एका सेकंदावर गेलं. पाणी काकवीसारखं एकसंध सपाट दिसलं, त्या लोंढ्याचा जोरच गेला. आता तिथे एनडी बॅगेतच राहतो. १/२५० आणि आयएसओ ४०० वर गढूळ पाण्याचे लोट सुटे सुटे दिसतात, माझ्या मते गोकाकला तेच शोभतं. झुलत्या पुलावरून लांब शटरचा नाद सोडाच, माणसं चालली की तिवईसकट पूल हलतो.

रात्रीची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक हा वेगळाच मामला. एम (मॅन्युअल) मोडवर एफ २, शटर १/१००, आयएसओ ऑटो, कमाल ६४००. शटर १/१०० का? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० मध्ये एक पूर्ण लुकलुक सामावते आणि फोटोवर आडवे काळे पट्टे येत नाहीत. रथावरच्या एलईडी पॅनेलचं गणित निराळं, त्यांची वारंवारता स्वतःची असते.

पण खरी मेख फेट्यांत आहे. हिस्टोग्रामचा पांढरा (एकूण उजेडाचा) आलेख मजेत मध्ये बसलेला दिसतो आणि घरी येऊन बघावं तर भगव्या फेट्याला घडीच नाही, नुसता रंगाचा गोळा. लाल चॅनेल आधी भरून वाहतो आणि पांढऱ्या आलेखात ते कळत नाही. कॅमेऱ्यात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला की उणे २/३. चेहरे थोडे गडद येतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) ते उचलता येतात, फेट्याची गेलेली घडी मात्र परत येत नाही.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू होतील. काळोखी खोपट, खाली जाळ, वर कढईची पांढरी वाफ. मी वाफेवर वाचन घेऊन अधिक एक करून बघणार आहे, जाळ नुसता पांढरा फुटला तर फुटू दे. कुणी आधी असं काढलं असेल तर वाफेसाठी शटर किती ठेवलं ते सांगा.