एका ओळीसाठी १९ दिवस

तिमाही आढावा बैठकीसाठी मला एक स्लाइड करायची होती. एकच. ती मंजूर व्हायला १९ दिवस लागले, आणि त्यातले बहुतेक आलेखावर नाही, आलेखाच्या वरच्या ओळीवर गेले. आठवलं की अजून डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतेय.

आमची कंपनी ऑनलाइन कपडे विकते. रिटर्न वाढले होते आणि ते का वाढले, हे वरच्यांना सांगायचं होतं. डेटा काढणं, दुबार नोंदी गाळणं, पिव्होट (एक्सेलमधला गोषवाऱ्याचा तक्ता) लावणं दोन दिवसांत उरकलं. खरे आकडे इथे देत नाही. समजण्यापुरतं धरा, १०० ऑर्डरींमागे आधी १२ परत यायच्या, आता १८ यायला लागल्या होत्या.

कंपनीच्या टेम्प्लेटमधला पहिलाच नमुना म्हणजे तिरका, जाडजूड थ्रीडी पाय चार्ट, म्हणजे फोडी केलेला गोल आलेख. रिटर्नची नऊ कारणं, नऊ रंग आणि शेजारी रंगांची यादी. यादीतला फिका निळा कुठला आणि त्याहून फिका कुठला, हे शोधताना मान दुखते. शिवाय तिरका केला की पुढची फोड फुगते, मागची आक्रसते. माझ्या चार्टमध्ये मागची फोड खरं तर मोठी होती, दिसत होती लहान. पाय चार्टशी माझं वैर नाही, दोन-तीन फोडी असतील तर खुशाल काढा. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अभियंत्याने १८०१ मध्ये तो छापला. पण त्याच माणसाने १७८६ मध्ये रेघांचे आणि दांड्यांचे आलेखही छापले होते, ते आमच्या टेम्प्लेटमध्ये पार शेवटच्या पानावर! कोन आणि क्षेत्रफळ यांपेक्षा एकाच रेषेपासून मोजलेलं अंतर डोळ्याला जास्त नेमकं कळतं, हे क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलंय. मी आडव्या दांड्या घेतल्या, मोठीपासून लहानीपर्यंत लावल्या, सगळ्या राखाडी ठेवल्या आणि फक्त ‘माप बसलं नाही’ ही एक केशरी केली. त्याखाली आठवड्यागणिक रिटर्नची रेघ. मापांचा नवा तक्ता वेबसाइटवर आला त्या आठवड्यावर एक उभी तुटक रेघ.

आणि वर लिहिलं: ‘मापांचा तक्ता बदलल्यापासून रिटर्न वाढले’.

इथे गाडी रुतली. तो तक्ता ज्या विभागाने बदलला होता, त्याच्या प्रमुखांची सही लागणार होती. दोन दिवसांनी उत्तर आलं, “शीर्षक जरा सौम्य करा.” मी ‘रिटर्नमधली वाढ आणि मापांचा तक्ता’ केलं. परत. ‘रिटर्नमधील बदलांचे स्वरूप’ केलं. तेही परत. शेवटी त्यांनी स्वतःच सुचवलं: ‘तिमाही रिटर्न विश्लेषण’. आलेख तोच, रेघा त्याच, पण आता त्यातून कोणी काही म्हणतच नव्हतं. मधले चार दिवस ते दौऱ्यावर. मग मेल: “उभी रेघ काढता येईल का?” मग त्यांच्या सहायकाचा मेल: फॉन्ट टेम्प्लेटप्रमाणे नाही. फॉन्ट टेम्प्लेटचाच होता.

तेराव्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “सर, शीर्षक बाजूला ठेवा. या रेघेकडे बघून काय झालं ते तुम्हीच सांगा.”

ते म्हणाले, “मॅडम, त्याच आठवड्यात सेल सुरू झाला होता. सेलमध्ये लोक दोन-दोन मापं मागवतात, एक परत करतात. सगळं आमच्या तक्त्यावर कशाला?”

मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता आणि १३ दिवसांत मला तो सुचला नव्हता.

तक्ता सगळ्या कपड्यांचा बदलला नव्हता, सेल मात्र सगळ्यांवर होता. म्हणून मी एका रेघेच्या दोन केल्या: तक्ता बदललेले कपडे आणि न बदललेले. सेलच्या आठवड्यात दोन्ही थोड्या वर गेल्या. सेल संपला तशी दुसरी खाली आली, पहिली वरच राहिली. रंगांची यादी काढून टाकली, रेघेच्या टोकालाच नाव लिहिलं. वर लिहिलं: ‘सेल संपला, तरी तक्ता बदललेल्या कपड्यांचे रिटर्न उतरले नाहीत’. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “‘जुना तक्ता परत लावावा का?’ असं खाली टाका.” टाकलं. सही मिळाली. पहिल्या दिवशीच भेटले असते तर आठवडाभर वाचला असता, हे मान्य. मेलवर शीर्षकाची घासाघीस करू नका, समोर बसा.

हो, हे आधी सांगायला हवं होतं: स्लाइड एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. बैठकीत कोणी ना कोणी कागदावरच वाचतं, आणि माझा केशरी तिथे इतर दांड्यांसारखाच राखाडी झाला होता. आकडा ठळक केला तेव्हा सुटलं. आणखी एक, आकडे एकमेकांच्या जवळचे असले की एक्सेल दांड्यांचा अक्ष शून्याऐवजी आपल्या मनाने वरून सुरू करतं. चिमूटभर फरक डोंगराएवढा दिसतो. किमान मूल्य हाताने शून्य करा. रेघांच्या आलेखाला ही सक्ती नाही, तिथे चढउतार बघायचा असतो. आणि चार्ट लिंक करून चिकटवला असेल तर एक्सेल फाइल जागची हलवू नका. मी हलवली होती, बैठकीच्या आदल्या रात्री.

बैठकीत ती स्लाइड जेमतेम तीन मिनिटं पडद्यावर होती. एकच प्रश्न आला, “जुना तक्ता आहे ना आपल्याकडे?” होता. पुढच्याच आठवड्यात तो परत लागला.

मग इतिवृत्त आलं. त्यात माझ्या स्लाइडची नोंद होती: ‘तिमाही रिटर्न विश्लेषण सादर केले’.