ओतारू स्टेशन १:१५० : छत बसलं, आता तारा

जपानमधल्या ओतारू स्टेशनचं १:१५० मापाचं रेल्वे मॉडेल करतोय, त्यातल्या इमारतीचं छत बसलं. आता समोरून बघितलं की हे ओतारू आहे हे ओळखू येतं. होक्काइदोमधल्या या बंदराच्या गावातली ही काँक्रीटची इमारत १९३४ची, तोक्योच्या उएनो स्टेशनच्या वळणाची. मधे उंच हॉल आणि त्याला उभ्या लांब खिडक्या. भिंतींना सनबोर्ड (फोमचा हलका पुठ्ठा) वापरला, खिडक्यांच्या चौकटींना कार्डशीटच्या बारीक पट्ट्या. बहुतेक वेळ या खिडक्यांतच गेला आणि तो जायलाच हवा होता, कारण इमारतीची सगळी ऐट त्यांच्यात आहे.

काहींनी विचारलं होतं, कंदील कुठे आहेत? आज या स्टेशनात काचेचे ३३३ कंदील टांगलेले आहेत आणि फोटोंत तेच आधी दिसतात. पण मी १९७० साल धरलंय. तेव्हा ते नव्हते, म्हणून मॉडेलमध्येही नाहीत.

हेच साल का? स्टेशन तसं १९०३चं, ओतारू चुओ नावाने उघडलेलं. ओतारू हे नाव त्याला १९२०मध्ये मिळालं आणि ज्याचं ते आधी होतं ते शेजारचं स्टेशन मिनामी-ओतारू झालं. पण मला ओढ आहे ती १९६८ ते १९७१ या तीन वर्षांची. १९६८मध्ये ओतारूपासून साप्पोरो शहराच्या पुढे ताकिकावापर्यंत विजेच्या तारा आल्या. दुसऱ्या बाजूचा, ओशामांबे स्टेशनकडचा डोंगरी मार्ग तसाच, तारांविना राहिला. हाकोदातेहून येणारी 'निसेको' एक्स्प्रेस ओशामांबेपासून इथवर सी६२ जातीची दोन वाफेची इंजिनं पुढे जोडून घाट चढत यायची. आपल्याकडे कसारा घाटात बँकर, म्हणजे जादा इंजिनं, मागून ढकलतात, तिथे दोन्ही पुढे. ओतारूला ही इंजिनं सोडवली जायची आणि लाल रंगाचं ईडी७६ विजेचं इंजिन गाडी साप्पोरोला न्यायचं. १९७१च्या सप्टेंबरमध्ये ही जोडी थांबली. त्यातलं सी६२ जातीचं २ क्रमांकाचं इंजिन आज क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

म्हणजे माझ्या लेआउटवर (रूळ, इमारती असा सगळा मांडलेला देखावा) साप्पोरोच्या टोकाला खांब आणि तारा, ओशामांबेच्या टोकाला उघडं आभाळ. एका फलाटाशेजारी धूर आणि वीज, दोन्ही. संपूर्ण लेआउट मी या एका दृश्यासाठी करतोय.

रुळांबद्दल थोडं. जपानी गेज (दोन रुळांमधलं अंतर) १०६७ मिमी, १:१५०ला ते ७.१ मिमी होतं. बाजारात या मापासाठी मिळणारा एन ट्रॅक ९ मिमीचा, म्हणजे रूळ जरा फाकलेले दिसतात. हाताने ७ मिमीचे रूळ घालणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. मी ९वरच राहिलो आणि खडी स्लीपरच्या टोकांवर थोडी चढवली. त्याने नजर बरीच फसते.

फलाटांचे क्रमांक १, २, ४, ५. तिसऱ्या रुळाला फलाट नाही, म्हणून पाट्या रंगवताना लक्ष ठेवा.

आता खांब. पितळी तार सोल्डर करून पहिला खांब उभा केलाय, उंची जमलीय. पुढच्या वेळी इंजिन बदलायच्या रुळांची वायरिंग दाखवतो.