काळारामाच्या दारात डेन्मार्कची पाहुणी

नाशिकमधले देवदर्शन, मिसळ आणि द्राक्षे यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेविषयी, ज्यांना सगळी गल्ली ‘बाई’ म्हणूनच ओळखते. बाई प्रवाशांना सदस्यांच्या घरी पाहुणे म्हणून उतरवणाऱ्या ‘सर्व्हास’ या संस्थेच्या सदस्य आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, बॉब लुइटवाइलर या अमेरिकी शांततावादी तरुणाने डेन्मार्कमध्ये मित्रांच्या साथीने हे काम सुरू केले. परक्या देशातली माणसे एकमेकांच्या घरी राहिली, जेवली, बोलली तर अविश्वास कमी होईल, ही त्यामागची श्रद्धा होती. आजही पाहुण्याने परिचयपत्र घेऊन यायचे, साधारण दोन रात्री राहायचे आणि पैशांची देवघेव करायची नाही, असाच रिवाज आहे. मी गेले तेव्हा बाईंकडे डेन्मार्कची एक शिक्षिकाही उतरली होती.

पहिला दिवस गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, आणि बाजारात गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही काळाराम मंदिरात गेलो. एक मार्गदर्शक आपल्या गटाला वनवासाची कथा सांगून पाच मिनिटांत बाहेर काढत होता आणि मला त्याचा मनापासून राग आला, कारण त्या दारात काय घडले हे त्याने एका शब्दानेही सांगितले नाही. बाईंनी मात्र पाहुणीला दरवाजापाशीच थांबवले. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष इथे प्रवेश मागायला आले, दादासाहेब गायकवाडांनी हा सत्याग्रह वर्षानुवर्षे नेटाने चालवला, तरी दार उघडले नाही आणि अखेर १९३५ साली याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे सगळे त्यांनी सावकाश सांगितले.

“तेव्हा तुमच्या घरचे कुठे होते?” पाहुणीने विचारले.

“आजोबा दार अडवणाऱ्यांत होते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही बदलला नाही.

पाहुणी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिथल्याच पायरीवर बसून तिने आपल्या देशाची हकीकत सांगितली. १९५१ साली ग्रीनलंडमधल्या २२ मुलांना, त्यांना डॅनिश वळण लावायचे म्हणून, घरच्यांपासून तोडून डेन्मार्कला नेण्यात आले. त्यांतली बरीचशी पुन्हा कधी आपल्या कुटुंबात राहिली नाहीत, आणि सरकारने माफी मागायला २०२० साल उजाडले. ही गोष्ट आपण शाळेत शिकवतो, पण परदेशात प्रथमच कोणाला सांगत आहोत, असे ती म्हणाली. पाहुण्यासमोर घर झाडून-पुसून ठेवावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. संस्कृतीची ओळख करून देताना मात्र केर लपवणारा यजमान मला आता अप्रामाणिक वाटतो.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या ओळखीची शाळकरी मुले आमच्याबरोबर पांडवलेण्यांवर आली. सतराव्या लेण्यात त्यांनी मुलांना शिलालेख दाखवला: उत्तरेकडच्या दात्तामित्री नगरातून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) हे लेणे कोरवून भिक्षुसंघाला दिले. “तो परका होता, तर त्याला कोणी अडवले नाही?” एका मुलीने विचारले आणि परतीच्या सगळ्या पायऱ्यांवर मुले त्यावरच वाद घालत राहिली.

ठाण्याला परतल्यावर मी यजमान होण्यासाठी अर्ज केला आहे. घर लहान आहे. पाहुण्यांना बाहेरच्या खोलीत झोपावे लागेल.