राउटरला दिसतोय, पण स्क्रीन काळा

डिकोडर (नेटवर्कवरून आलेला व्हिडिओ स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) चालू, पोर्टचा दिवा हिरवा, केबल टेस्टरवर पास, तरी प्रतीक्षालयातला मोठा स्क्रीन काळा. मी पोचेपर्यंत तिथल्या मंडळींनी केबल बदलली होती, नव्या डिकोडरची मागणी पाठवली होती आणि सगळ्या यंत्रांच्या केबल ज्याच्या पोर्टांना लागतात तो स्विच रिस्टार्टही करून झाला होता. काही बिघडलं की आधी रिस्टार्ट, या सवयीचा मला मनापासून राग येतो. लॉगमधला पुरावा त्यातच जातो.

आदल्या दिवशी रॅकमधल्या केबल नीट बांधून घेतल्या होत्या. त्यात डिकोडरची केबल पाचव्या पोर्टवरून अकराव्यावर गेली. दोन्ही पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवरच्या एकाच आभासी नेटवर्कमध्ये, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

राउटरच्या एआरपी टेबलात (कुठल्या आयपी पत्त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता, कोणता याची यादी) डिकोडर हजर, नोंद ताजी. डिकोडर मात्र गेटवे, म्हणजे राउटरच, सापडत नाही म्हणत होता. म्हणजे त्याचं म्हणणं पोचत होतं, उत्तर येत नव्हतं. एआरपीची विचारणा ब्रॉडकास्ट असते, ती व्हीलॅनभर जाते. उत्तर एकाच मॅक ॲड्रेसच्या नावे येतं, आणि ते कुठल्या पोर्टवर सोडायचं हे स्विच स्वतःचं, कुठला मॅक कुठल्या पोर्टवर याचं टेबल बघून ठरवतो.

टेबल काढलं. डिकोडरचा ॲड्रेस, प्रकार स्टॅटिक, पोर्ट पाच.

ही नोंद कोणीतरी हाताने घातलेली. ती मुदत संपून जात नाही, स्विचने स्वतः शिकलेल्या डायनॅमिक नोंदी पुसल्या तरी राहते, आणि कॉन्फिगमध्ये, म्हणजे स्विचच्या सेटिंगमध्ये, सेव्ह असेल तर रिस्टार्टनंतरही परत येते. डिकोडर अकरावर बोलत होता आणि स्विच त्याचं सगळं टपाल पाचवर टाकत होता. खात्रीसाठी पाचव्या पोर्टला लॅपटॉप लावून वायरशार्क हे येणारी पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. यूडीपी पॅकेटांची नुसती रीघ! स्क्रीनवर दिसायला हवा तो अख्खा व्हिडिओ माझ्याकडे येत होता.

तिथल्या इंजिनिअरने कॉन्फिगमध्ये हा ॲड्रेस शोधला होता, पण सापडला नव्हता. डिकोडरच्या स्टिकरवर दोन-दोन अंकांचे सहा गट, मध्ये कोलन. सिस्को स्विच तोच ॲड्रेस चार-चार अंकांच्या तीन गटांत लिहितो, मध्ये टिंब. स्टिकरवरचं जसंच्या तसं टाकून शोधलं तर मिळणार कसं? पोरगा मेहनती आहे. त्याला हे कोणी दाखवलंच नव्हतं.

मला सोडत नाही तो प्रश्न वेगळाच. ज्याने ती नोंद घातली त्याचं चुकलं होतं का? सगळं सुरळीत असताना डिकोडर फक्त ऐकतो, स्वतःहून काही पाठवत नाही. स्विच 300 सेकंदांत त्याला विसरतो, राउटरच्या एआरपीची मुदत मात्र 14,400 सेकंद, म्हणजे चार तास. मधल्या वेळात राउटर पाठवत राहतो, स्विचला पोर्ट माहीत नसतो, आणि तो सगळा व्हिडिओ व्हीलॅनमधल्या प्रत्येक पोर्टवर ओततो. नेटवर्क संथ झालं असणार आणि त्याने नोंद ठोकून ते थांबवलं. निदान अचूक होतं. पण त्या कमांडमध्ये शेरा लिहायला जागा नसते, आणि पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ लिहायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. हे मात्र मला माफ करवत नाही.

मी नोंद काढली, स्क्रीन लगेच उजळला. मग राउटरच्या त्या इंटरफेसवर एआरपीची मुदत 270 सेकंद केली. आता स्विच विसरायच्या आत राउटर डिकोडरला विचारतो, उत्तर येतं आणि टेबल ताजं राहतं. सहकाऱ्याचं मत, स्टॅटिक नोंदच अकराव्या पोर्टवर घालायला हवी होती, राउटरला हात कशाला लावायचा. त्याचंही अगदीच खोटं नाही. त्या इंटरफेसवरच्या बाकी यंत्रांनाही आता वरचेवर विचारणा होते.

त्याच स्विचवर आणखी दोन स्टॅटिक नोंदी आहेत. त्या कुठल्या यंत्रांच्या, हे तिथे कोणालाच सांगता येईना. त्या मी काढलेल्या नाहीत. पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये तारीख आणि ‘स्टॅटिक नोंद, मालक शोधा’ एवढं लिहून ठेवलं आहे.