डावीकडची काच

१९९६च्या जुलैत एकाच दिवशी माझ्या टेबलावर पाच लिफाफे आले. पाचही शाहूवाडी तालुक्यातल्या एकाच गावचे, पाचही आमच्या बॉयलर हाऊसच्या हंगामी कामगारांचे, आणि आतल्या पाचही उत्तरपत्रिका एकाच हातानं लिहिलेल्या. तेच डावीकडे कललेलं अक्षर, तोच निळा बॉलपेन, 'पाणी'मधल्या 'ण'ची तीच लांब शेपटी. मी त्या एकावर एक ठेवल्या, रबर लावलं आणि सरळ लेबर ऑफिसरांकडे गेलो. त्यांनी वरचं पान पाहिलं आणि म्हणाले, "पाचही नावं कमी करा. बाकीच्यांना कळेल."

मी तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होतो. घरी टपालानं पाठ पाठवायची योजना माझ्याच डोक्यातली, म्हणून राग जास्त आला होता. ती का सुरू केली ते सांगायला हवं. साखर कारखान्यात निम्मेअधिक कामगार हंगामी. ऊस संपला, धुराडं थंड झालं की ते गावी जातात, आणि पुढच्या हंगामापर्यंत त्यांना थोडा रिटेन्शन भत्ता मिळतो. हंगामात माणूस आठ तास भट्टीसमोर बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, धुरळ्यात काढून आला की त्याला काही शिकवणं अशक्य. मी एक वर्ष पाळी सुटल्यावर वर्ग भरवून पाहिला होता. तिसऱ्या मिनिटाला माना खाली पडायच्या. बंद हंगामात बोलवावं तर पेरण्या, चिखलणी, रोपलावण. माणूस येणार कुठून? आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सरकारी बॉयलर खात्याची सेकंड क्लास अटेंडंटची परीक्षा द्यायची होती. ते सर्टिफिकेट मिळालं तर हेल्परचा अटेंडंट होतो, पगार बदलतो, घर बदलतं.

कल्पना आली ती आमच्या चीफ इंजिनियरांच्या कपाटातून. त्यांच्याकडे अमेरिकेतल्या 'इंटरनॅशनल करस्पाँडन्स स्कूल्स'चे जुने, चामडी पाठीचे खंड होते. त्या संस्थेची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. पेनसिल्व्हेनियात थॉमस फॉस्टर नावाचे एक संपादक खाणकामगारांसाठी वर्तमानपत्र चालवत. कोळशाच्या खाणींत माणसं मरत होती. १८८५मध्ये तिथं कायदा झाला, की खाणीतल्या फोरमनना सुरक्षिततेची परीक्षा द्यावी लागेल. पण खाणीत उतरणाऱ्याला शिकवणार कोण? फॉस्टरनी पेपरात प्रश्नोत्तरं छापायला सुरुवात केली आणि १८९१मध्ये स्क्रँटन गावातून टपालानं कोळसा खाणीचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे रेल्वे कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी त्या संस्थेशी करार केले. एक पाठ पाठवायचा, त्याची उत्तरं आली की तपासून परत करायची आणि मग पुढचा पाठ. आपल्याकडे तेव्हा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघून सात वर्षं झाली होती आणि आमच्याच ऑफिसातले दोन कारकून नाशिकहून पुस्तकं मागवून बी.ए. करत होते. म्हणजे ही वाट कामगाराला परकी नव्हती. तिच्यावर कुणी बॉयलर ठेवला नव्हता, इतकंच.

बारा पाठ ठरले. मजकूर चीफसाहेब तपासायचे, मी स्टेन्सिल कापून घ्यायचो, सायक्लोस्टाइलवर आठ-आठ पानं निघायची. त्रेचाळीस जणांनी नावं दिली. पहिला पाठ मी फार कष्टानं लिहिला आणि तो पूर्ण वाया गेला. 'जलपातळीदर्शक', 'संरक्षक झडप', 'भरणजल' असे शब्द मी घातले होते. उत्तरं आली ती माझीच वाक्यं जशीच्या तशी उतरलेली; प्रेताला पावडर लावावी तशी. चीफसाहेबांनी मला बॉयलर हाऊसमध्ये नेलं आणि म्हणाले, "इथं कुणाला विचारा, संरक्षक झडप कुठली ते." दुसऱ्या पाठापासून काच म्हणजे काच, सेफ्टी वॉल म्हणजे सेफ्टी वॉल आणि फीड म्हणजे फीड. लगेच उत्तरांत जीव आला.

चौथा पाठ काचेचा. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे हे डोळ्याला दिसतं ते फक्त या काचेत. पाणी कमी पडलं तर नळ्या उघड्या पडतात, तापून लाल होतात, फुटतात. म्हणून बॉयलरला काचा दोन लागतात, डावी आणि उजवी, आणि दोन्ही प्रत्येक पाळीत फुंकून, म्हणजे आतली वाफ-पाणी बाहेर सोडून, मार्ग मोकळे आहेत का ते बघायचं असतं. मी बॉयलरचा माणूस नाही, पण तो पाठ लिहिताना एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली आणि अंगावर काटा आला. काचेचा वरचा, वाफेचा मार्ग चोंदला तरी पाणी वर चढतं. खालचा, पाण्याचा मार्ग चोंदला तरी वाफेचं पाणी होऊन काच भरत जाते. म्हणजे काच चोंदली की खोटं सांगते ते एकाच बाजूला. पाणी नसताना 'आहे' म्हणते.

त्या पाठाचा शेवटचा प्रश्न होता: 'तुमच्या पाळीत तुम्ही काच कशी आणि किती वेळा तपासता?' आणि यालाच पाच जणांची एका हातची उत्तरं. नावं कापण्याआधी एकदा समक्ष बघावं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर रंगेहाथ पकडावं, असंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मलकापूरला उतरलो. तिथून पुढे अर्धा रस्ता जीप, उरलेला लाल चिखलातून पायी. पाऊस असा, की समोरचा डोंगर अधूनमधूनच दिसायचा. शेतांत रोपलावण चालू होती. वाकलेल्या पाठींवर इरली. बांधावरून एकानं हाक मारली, "कारखान्याचं सायेब न्हवं का?" आणि माझ्या आधी बातमी गावात पोचली.

ज्यांच्या घरी मला नेलं त्यांना सगळे आबा म्हणत. पंचावन्नच्या पुढचे, दोन नंबरच्या बॉयलरवर वीस-बावीस हंगाम काढलेले, भट्टीच्या झळांनी भुवया विरळ झालेले. "आत या सायेब, भिजलायसा," म्हणून त्यांनी सोप्यात घोंगडं अंथरलं. बाकीचे चौघे शेतातून तसेच आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. कोरा चहा आला. मी पिशवीतून गठ्ठा काढून मध्ये ठेवला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

त्यांच्यातला सगळ्यांत लहान, पंचविशीचा पोरगा म्हणाला, "म्या लिवलं."

"पाचही?"

"व्हय. नववीपातूर शिकलोय. ह्यास्नी लिवाय येत न्हाई, ह्येचं अक्षर लागत न्हाई. रातच्याला हितं बसतो. मी पाठ वाचून दावतो, ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं, मी लिवायचं." मग जरा थांबून, "अक्षर माझं हाय, सायेब. उत्तरं ज्याची त्याची हाईत."

मला ते पटलं नाही. मी आबांनाच विचारलं, काच कशी फुंकायची? आबा उठून उभे राहिले. समोर मोकळी भिंत होती. तिच्यावर त्यांनी हात असा ठेवला, की तिथं बॉयलरच आहे. "पयला ड्रेन उघडायचा. मग पाण्याचा कॉक बंद. आता निस्ती वाफ आली पायजे, वरची वाट मोकळी. मग पाण्याचा उघडायचा, वाफंचा बंद. आता पाणी धडाधडा आलं पायजे, खालची वाट मोकळी. मग दोन्ही उघडून ड्रेन लावला, की काचंत पाणी सर्रकन चढलं पायजे. मुंगीच्या पावलानं चढलं, तर कुठंतरी चोंदलंय." प्रत्येक वाक्याला हाताची मूठ भिंतीवर फिरत होती, आणि तोंड बाजूला, काच फुटली तर अंगावर येऊ नये म्हणून समोर उभं राहायचं नसतं, हे माझ्या पाठात लिहायचं राहिलं होतं.

मग मी ते केलं, जे आदल्या दिवशी ऑफिसात करायला हवं होतं. उत्तरपत्रिका वाचल्या. एका हातच्या होत्या, पण एकीसारखी दुसरी नव्हती. एकानं लिहिवलं होतं, की रात्रपाळीत दोनदा फुंकतो, पहाटे तिसऱ्यांदा राहतं कारण तेव्हा बगॅस ओला येतो आणि भट्टी सोडता येत नाही. दुसऱ्यानं लिहिवलं होतं, की मला कधी कुणी काचेला हात लावू दिला नाही. आबांच्या कागदावर असं होतं: 'पुस्तकात दोन्ही काचा फुंका म्हटलं आहे. दोन नंबरच्या बॉयलरच्या डाव्या काचेचा ड्रेन कॉक दोन हंगाम फिरत नाही. दांडी काढून ठेवली आहे. आम्ही उजवी बघतो.'

हा कागद चोवीस तास माझ्या पिशवीत रबर लावून पडला होता. मी शेपटीचा 'ण' बघत बसलो होतो.

"आबा, हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. पाळीवरच्या सायबांस्नी. लागलीच बघतो म्हणाले. हप्त्यानं त्येंची पाळी बदलली. दुसऱ्यास्नी सांगितलं. मग हंगाम सरला." तेवढ्यात पोरगा म्हणाला, "लॉगबुकात लिवायचं तर ते अटेंडंटनं लिवायचं. आबा हेल्पर." आबांनी माझ्यासमोरच्या कागदाकडे बोट केलं. "तोंडचं बोलणं पाळीबरोबर सरतंय. ह्यो कागुद तुमी इचारला म्हणून सांगितलं. वर माझं नाव हुतं."

परतताना मलकापूरची गाडी चुकली. संध्याकाळी उशिरा कारखान्यावर पोचलो आणि ओल्या कपड्यांनीच चीफसाहेबांच्या बंगल्यावर गेलो. त्यांनी कागद उभ्यानंच वाचला, दुसऱ्यांदा वाचला, बॅटरी घेतली. बंद हंगाम असल्यानं बॉयलर थंड, मेंटेनन्सला उघडलेला. फिटरला झोपेतून उठवलं. कॉक फिरलाच नाही, शेवटी फ्लँज, म्हणजे जोडावरची चकती, खोलला. खालच्या मार्गात सळई घातली तर बोटभर जाऊन अडली. आत क्षाराचा पांढरट दगड झाला होता. फिटर काही बोलला नाही, चीफसाहेबही नाही. दोन हंगाम त्या बॉयलरनं एकाच काचेवर ऊस गाळला होता, आणि दुसरी काच पाणी भरपूर आहे असं सांगत शेजारी उभी होती. कायद्यानं वर्षाला बॉयलरची सरकारी तपासणी व्हायची, तीही होऊन गेली होती.

ती उत्तरपत्रिका चीफसाहेबांनी माझ्याकडून मागून घेतली आणि मेंटेनन्सच्या फाइलला लावली. फाइलमध्ये एका हेल्परच्या नावाचा कागद जायची बहुधा ती पहिलीच वेळ. महिनाभरात दोन्ही काचांचे कॉक नवे बसले. लेबर ऑफिसरांना मी सांगितलं, की नावं कमी होणार नाहीत, आणि पाचव्या पाठापासून प्रत्येक पाठाला एक कोरं पान जोडलं. त्यावर एवढंच: 'पुस्तकात एक आणि तुमच्याकडे दुसरं असेल तर इथं लिहा. कुणाकडूनही लिहून घ्या, खाली नाव तुमचं.' अकाउंट्सनं जादा वजनाचं पोस्टेज लागतं म्हणून शेरा मारला. त्या कोऱ्या पानांवर त्या पावसाळ्यात काय काय आलं ते सांगायला वेगळा लेख लागेल: साखर शिजते त्या पॅन हाऊसमधली निसटणारी जाळी, रात्री न पेटणारे दिवे, एका फोरमनची भाषा. काही दुरुस्त झालं, काही झालं नाही.

त्या पाचांतले तिघे पुढच्या दोन वर्षांत सेकंड क्लास झाले. लिहिणारा पोरगा त्यांत होता. आबा परीक्षेला बसले नाहीत, निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत म्हणाले. मी आणखी आग्रह करायला हवा होता, असं आजही वाटतं. योजना तीन बंद हंगाम चालली. मग संचालक मंडळ बदललं आणि पहिल्याच बैठकीत टपालखर्च अनावश्यक ठरला. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. कामगाराला शिकवण्यावरचा खर्च हा कारखान्यानं केलेला उपकार आहे, असं समजणाऱ्यांनी तो फ्लँज खोलताना तिथं असायला हवं होतं.

पाचवा पाठ फीड पंपाचा, म्हणजे बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा होता. आबांची उत्तरं ऑगस्टअखेर आली, अक्षर तेच. कोऱ्या पानावर तक्रार नव्हती, प्रश्न होता: 'दोन्ही काचांत पाणी सारखं दिसत नसेल आणि पाळीवर साहेब नसेल, तर कुठली काच खरी धरायची?' मी चौथा पाठ काढून पुन्हा वाचला, उत्तर मनाशी जुळवलं, तरी चीफसाहेबांना विचारून खात्री केली आणि लिहिलं: 'जी पाणी कमी दाखवते ती खरी धरा, लगेच दोन्ही फुंकून बघा. दोन्हींत पाणी दिसेनासं झालं तर गार पाणी आत घेऊ नका; आधी आग तोडा.' बुक पोस्टात ते बसेना, म्हणून वेगळं पाकीट करून त्याच संध्याकाळी टाकलं.

सहाव्या पाठाबरोबर उत्तर आलं. एकच ओळ, लांब शेपटीच्या 'ण'ची: 'पाणी कमी दाखवणारी उजवीच होती. तिच्यावरच दोन हंगाम काढले.'