रनसी गेला कुठे?

शनिवारी संध्याकाळी अंबडच्या ऑफिसात आम्ही दोघंच उरलो होतो, बाहेर पावसाने झोडपून काढलेलं त्यामुळे गाडी काढायचा प्रश्नच नव्हता, म्हटलं चल तुला डॉकरचा कंटेनर, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळा ठेवून चालवलेला प्रोग्रॅम, आतून दाखवतो. नवीन पोरगा, चुणचुणीत आहे. एक एनजिनएक्स वेब सर्व्हरचा कंटेनर चालू केला, त्याने चालू प्रोसेस दाखवणारी पीएस कमांड मारली आणि स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "दादा, सगळीकडे सांगतात कंटेनर रनसी चालवतो, मग यात रनसी कुठंय?"

प्रश्न एकदम बरोबर होता, रनसी म्हणजे कंटेनर प्रत्यक्ष सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम. लिस्टमध्ये डॉकरडी म्हणजे मागे सतत चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम होता, त्याच्या खाली कंटेनर सांभाळणारा कंटेनरडी होता आणि 'कंटेनरडी-शिम-रनसी-व्ही२' नावाची एक प्रोसेस, म्हणजे कंटेनरशेजारी बसणारा मध्यस्थ शिम, तिच्यापुढे कंटेनरडीतल्या गटाचं नाव (नेमस्पेस) मोबी आणि कंटेनरचा लांबलचक आयडी. रनसी नव्हताच, कारण तो काम उरकून निघून गेलेला असतो.

होतं असं की आपण डॉकर रन टाइप करतो तेव्हा ती कमांड युनिक्स सॉकेटवरून (एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमची बोलायची वाट) डॉकरडीला आरईएसटी म्हणजे वेबसारखी रिक्वेस्ट पाठवते, डॉकरडी पुढे कंटेनरडीशी जीआरपीसी या दुसऱ्या पद्धतीत बोलतो, कंटेनरडी शिम उभा करतो. इथपर्यंत सगळं सॉकेटवरचं बोलणं. पण शिम आणि रनसी यांच्यात सॉकेट वगैरे काही नाही, शिम सरळ रनसीची बायनरी चालवतो आणि तिला एका फोल्डरचा पत्ता देतो. त्या फोल्डरला म्हणतात बंडल. त्यात कॉन्फिग डॉट जेसन नावाची फाइल, कुठली कमांड चालवायची, कुठले नेमस्पेस (इथे लिनक्समधले, प्रोसेसला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणारे आडोसे), मेमरी किती, रूट फाइलसिस्टिम कुठे, सगळं त्यात लिहिलेलं. मग क्रिएट म्हटलं की रनसी नेमस्पेस आणि सीग्रुप (मेमरी-सीपीयूची मर्यादा) बांधून प्रोसेस दारात उभी करतो, स्टार्ट म्हटलं की ती आत जाते आणि रनसी स्वतः संपतो. बाकी स्टेट, किल, डिलीट. मुख्य कमांड एवढ्या पाच, बस.

मला या डिझाइनचं खरंच फार कौतुक आहे. २०१५ मध्ये ओसीआय ही कंटेनरची मानकं ठरवणारी संस्था सुरू झाली, डॉकरने रनसी तिथे देऊन टाकला आणि २०१७ मध्ये रनटाइम स्पेकची, म्हणजे रनसीसारख्या प्रोग्रॅमने कसं वागावं त्या नियमांची, १.० आवृत्ती आली. त्या कागदावर फोल्डर कसा असावा आणि पाच कामं कुठली एवढं पक्कं केलंय, त्यामुळे इंजिनला पलीकडे कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही. आम्ही लगेच करून पाहिलं, रनसीच्या जागी चालणारा, सीमध्ये लिहिलेला सीरन टाकला, डॉकरडीच्या सेटिंगच्या डेमन डॉट जेसन फाइलमध्ये रनटाइम्सखाली त्याचा पाथ दिला, डॉकर रिलोड केलं आणि रनटाइम सीरन सांगून तीच एनजिनएक्सची इमेज (कंटेनर ज्यातून बनतो ते पॅकेज) चालवली. चालली. आणि पीएसमध्ये शिम तोच! कंटेनर आणखी वेगळा ठेवणारा गूगलचा जीव्हायझर किंवा छोट्या व्हीएममध्ये कंटेनर चालवणारा काटा घेतला तर कंटेनरडीसाठी त्यांचे शिम वेगळे येतात, पण कंटेनरडी त्यांच्याशी त्याच भाषेत बोलतो. डॉकरला पर्याय असलेल्या पॉडमॅनमध्ये तर मागे सतत चालणारा डेमनच नाही, तिथे शिमचं काम कॉनमॉन करतो. अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसवाल्यांनी वरच्या बाजूला कंटेनरडीसारख्यांशी बोलायचा सीआरआय ठेवला आणि १.२४ आवृत्तीत डॉकरशी जोडणारा डॉकरशिम काढून टाकला, तेव्हा केवढी घबराट झाली होती, पण इमेज त्याच आणि खाली रनसीही तोच.

मग पोरगा म्हणाला, "रनसी जातो तर शिम कशाला थांबतो?" म्हटलं कंटेनरचं आउटपुट कोण धरणार, तो मेला तर एक्झिट कोड कोण सांगणार? त्याला म्हटलं कंटेनरडीला किल नाइन दे, म्हणजे जागेवर मारून टाक. बिचकला, टेस्ट मशीन आहे रे, दे. दिला. दुसऱ्या टर्मिनलवर पान मागवणारी कर्ल कमांड मारली तर एनजिनएक्सचं पान जसंच्या तसं. पाचेक सेकंदांत सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टिमडीने कंटेनरडी परत उठवला, त्याने शिमचं सॉकेट शोधून पुन्हा जोडून घेतलं, कंटेनरला पत्ताही नाही.

हे मला दोन वर्षांपूर्वी माहीत असतं तर एक रात्र वाचली असती. एका क्लायंटकडे डॉकर अपग्रेड केलं आणि लाइनवरचे सगळे कंटेनर बसले, तिसरी शिफ्ट खोळंबली. शिम बिचारे सांभाळायला तयार होते, पण डॉकरडी बंद होताना स्वतःच सगळे कंटेनर थांबवून जातो, लाइव्ह-रिस्टोर चालू नसेल तर. डेमन डॉट जेसनमधली एक ओळ. पोराने ती लगेच टेस्ट मशीनवर टाकली, डॉकर रिलोड करून मग रिस्टार्ट केलं आणि परत कर्ल मारलं. पान आलं.