बेट किती लावावी? पोकर शिकतानाचा माझा अनुभव

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि पत्ते यांचे नाते खान्देशात जुने आहे, त्यामुळे पोकरमधील हातांचा (पत्त्यांच्या जुळण्यांचा) क्रम, फ्लॉप, टर्न आणि रिव्हर (सर्वांसाठी मध्ये उघडली जाणारी अनुक्रमे पहिली तीन, चौथे आणि पाचवे पान) हे सारे आम्हा भावंडांना जळगावच्या घरी एका दुपारीच समजले. अडले ते बेट, म्हणजे डावावर लावायची रक्कम, किती लावावी या एकाच प्रश्नावर. ज्याला विचारावे तो ‘हातात जोर असेल तर जास्त लाव’ एवढेच सांगत असे. या सल्ल्याचा मला अजूनही राग येतो, कारण तो पाळणाऱ्याचे पत्ते समोरच्याला न बघताच कळतात.

खरा गुंता तीन पत्तीच्या सवयीचा होता. तेथे पत्ते पाहिलेला खेळाडू आधीच्या चालीइतकी किंवा फार तर तिच्या दुप्पट चाल करतो. मध्ये किती साचले आहे याच्याशी चालीचा संबंध नसतो. नो लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात मात्र आपल्या चिपा संपेपर्यंत कितीही लावता येते आणि माप धरायचे ते पॉटचे, म्हणजे मध्ये साचलेल्या रकमेचे. आम्ही पैसे लावत नव्हतो. एक चिंचोका म्हणजे १०, असा हिशेब होता. एका डावात टर्न उघडल्यावर पॉटच्या ताटात १०० होते, मावसभावाकडे एक्क्यांची जोडी होती आणि मला फ्लशसाठी, म्हणजे एकाच चिन्हाच्या पाच पानांसाठी, बदामाचे एकच पान हवे होते. त्याने एक चिंचोका पुढे सरकवला. ‘काय भो, दहाच?’ असे म्हणून मी लगेच कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. मला न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९ होती, म्हणजे संधी सुमारे २० टक्के. आणि १० भरल्यावर होणाऱ्या १२० च्या पॉटसाठी सुमारे सव्वाआठ टक्के पुरेसे होते. त्याने ५० लावले असते, तर २०० च्या पॉटसाठी मला ५० भरावे लागले असते, म्हणजे २५ टक्के संधी हवी होती, आणि कॉल तोट्याचा ठरला असता. पूर्ण पॉटइतक्या बेटला हेच प्रमाण ३३ टक्क्यांवर जाते. हे गणित त्या जोरवाल्यांपैकी एकानेही सांगितले नव्हते. कागदावर मांडले तेव्हाच ते सुटले.

तरीही पॉट मोजू देईल तर ती मंडळी कसली! प्रत्येक जण चिंचोके थेट ताटात भिरकावत असे आणि ‘किती झाले?’ असे विचारले की सगळे वैतागत. शेवटी फेरी संपेपर्यंत ज्याची बेट त्याच्यासमोरच राहील, आकडा आधी मोठ्याने सांगायचा आणि दोन हप्त्यांत चिंचोके सरकवायचे नाहीत, हे नियम मी हट्टाने लावून घेतले.

ब्लफचाही, म्हणजे कच्च्या पत्त्यांवर समोरच्याला डाव सोडायला लावणाऱ्या बेटचाही, हिशेब याच मापाने होतो: अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनांतून एकदा चालला तरी तोटा होत नाही, पूर्ण पॉटचा मात्र दोनांतून एकदा चालावा लागतो. फ्लॉपपूर्वीचे सांगायचे राहिलेच. तेथे मोठ्या ब्लाइंडच्या (पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायच्या दोन बेटांपैकी मोठीच्या) अडीच ते तीन पट लावावे, आधी कोणी नुसता कॉल केला असेल तर दर माणशी आणखी एक ब्लाइंड वाढवावा, आणि एक्क्यांची जोडी असो वा साधे पत्ते, हा आकडा बदलू नये.